रंगाखालचा गंज

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी धुळ्याहून आपली जुनी पद्मिनी मोटार घेऊन मजकडे जळगांवीं आला. गाडी त्याच्या आजोबांची. मोठ्या हौसेनें त्यानें ती राखली आहे. डाव्या दाराच्या खालच्या कडेशीं बोट ठेवून तो म्हणाला, "सर, दोन वर्षांत दोनदां रंग दिला. दसऱ्याला गाडी आरशासारखी दिसते, आणि पुढच्या पोळ्यापर्यंत येथें पुन्हां फोड येतो. आतां कोणत्या कंपनीचा रंग घ्यावा तें सांगा." मीं नखानें तो फोड खरवडला. आंतून तांबूस भुकटी पडली आणि नखाएवढें भोंक दारांत आरपार दिसूं लागलें. मीं त्याला सांगितलें कीं, रंग कोणताहि घे. दोष रंगाचा नाहीं. त्याला तें पटलें नसावें. शिक्षकाचें बोलणें म्हणून त्यानें मान डोलावली, एवढेंच. तेव्हां त्या दिवशीं जें सांगावयाचें राहिलें तें या वार्षिकाच्या पानांतून सांगतों. ज्यांच्या घरीं जुनी मोटार किंवा जीप आहे, अशा पालकांनाहि तें उपयोगीं पडेल.

गव्हावर जो रोग पडतो त्याला आपण तांबेरा म्हणतों आणि लोखंडावर जो चढतो त्याला गंज. दोहोंचा रंग एक, म्हणूनच कीं काय, इंग्रजींत दोहोंना नांवहि एकच आहे. परंतु दोहोंचा स्वभाव अगदीं उलट. आग्र्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ करमचंद मेहता यांनीं अनेक वर्षांच्या परिश्रमानें असें दाखवून दिलें कीं, मैदानांतील कडक उन्हाळ्यांत तांबेऱ्याचें बीज मरून जातें, आणि पुढच्या हंगामांत तें थंड डोंगराळ प्रदेशांतून वाऱ्याबरोबर नव्यानें येतें. म्हणजे शेतांतला तांबेरा हा दरवर्षीं बाहेरून येणारा पाहुणा आहे. मोटारीचा गंज तसा नाहीं. तो घर सोडून जातच नाहीं. आपण त्याच्यावर रंग फांसतों, तो आंत बसून राहतो, आणि फोड दिसला म्हणजे आपण म्हणतों, "पुन्हां आला!"

तो कसा बसून राहतो, हें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांस सहज समजेल. लोखंड गंजण्यास पाणी व प्राणवायु हीं दोन्ही लागतात. अगदीं कोरड्या हवेंत लोखंड वर्षानुवर्षें तसेंच राहतें. हवेंतील आर्द्रता शेंकडा ६० च्या वर गेली म्हणजे मात्र गंजण्याचा वेग झपाट्यानें वाढूं लागतो. ओलसर पत्र्यावरचा प्रत्येक ठिपका हा एक चिमुकला विद्युद्घटच असतो. एका जागीं लोखंड विरघळतें, शेजारीं प्राणवायु त्यांतून सुटलेली वीज घेतो, आणि मधल्या पाण्यांत मीठ असेल तर प्रवाहाची वाट अधिक सोपी होते. तयार झालेला गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो, म्हणून वरचा रंग उचलला जातो व फोड दिसतो. तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर जो थर चढतो तो घट्ट असतो व खालच्या धातूचें रक्षण करतो. गंज तसें करीत नाहीं. तो स्पंजासारखा सच्छिद्र असून ओल धरून ठेवतो. पॉलिश पेपरनें घांसल्यावर तांबडा भाग जातो आणि पत्रा चकाकूं लागतो. पण नीट पाहिलें तर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके खळग्यांत राहिलेले दिसतात. मिठाचा अंश त्या खळग्यांतच असतो. त्यावर रंग देणें म्हणजे बी पेरून वर माती ओढणें.

आमच्याकडचे कित्येक गृहस्थ म्हणतात, "मुंबईला खारा वारा आहे, तेथें गाड्या गंजतात, जळगांवांत मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो, येथें कसला गंज?" या बोलण्यांत निम्में सत्य आहे. आठ महिने आपली हवा लोखंडाला मानवते. परंतु मीठ समुद्रांतच असतें असें नाहीं. रावेर-यावलकडील केळीच्या बागांना जें पोटॅश घालतात, तें बहुधा म्युरिएट ऑफ पोटॅश असतें, म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. आपल्या जेवणांतल्या मिठाचें तें सख्खें भावंड. ज्या जीपमध्यें किंवा ज्या मोटारीच्या डिकींत या खताच्या गोण्या वाहिल्या आणि सांडलेली भुकटी धुऊन काढली नाहीं, ती गाडी समुद्रकिनाऱ्यावर उभी केल्यासारखीच समजावी. पूर्वेस पूर्णेच्या खोऱ्यांत अकोल्याकडे खारपाणपट्टा लागतो. तेथल्या विहिरीच्या पाण्यानें गाडी धुणें म्हणजेहि तिच्यावर मिठाचा हात फिरविणें होय.

दुसरी गोष्ट आपली काळी माती. पाणी पिऊन ती फुगते आणि प्यालेलें पाणी लवकर सोडीत नाहीं. कपाशीला हा गुण वरदान आहे, पत्र्याला मात्र शाप. चाकावरच्या कमानींत बसलेला तिचा थर वरून वाळून भेगाळलेला दिसतो. आंत बोट खुपसावें तर पाऊस थांबून कित्येक दिवस लोटले तरी तो ओलाच. आणि कापसाच्या मोसमांत जिनिंगच्या वाटेनें ये-जा करणाऱ्या गाड्यांत सरकीवरचे तंतु शिरतात, त्यांवर धूळ बसते, आणि मोटारीच्या दाराखालच्या भोंकांना उत्तम बूच तयार होतें.

हीं भोंकें कशाला असतात, असें मीं वर्गांत एकदां विचारलें. चाळीस मुलांपैकीं एकानेंहि उत्तर दिलें नाहीं. आणि तें नवल नव्हे, त्यांच्या वडिलांनाहि तें ठाऊक नसतें. दाराची कांच जेथें खालीं सरकते, तेथून पावसाचें पाणी दाराच्या पोटांत जातेंच. तें मुळींच जाऊं नये, अशी योजना कारखान्यानें केलेली नसते. गेलेलें पाणी तळाच्या भोंकांतून निघून जावें, अशी केलेली असते. भोंक बुजलें कीं दार ही पाण्याची घागर होते. त्यांतून दाराचा बाहेरचा पत्रा आंतल्या चौकटीवर कडेनें दुमडून बसविलेला असतो. त्या दुमडींत कारखान्याचा रंगहि नीट पोहोंचत नाहीं. पाणी मात्र, वातींत तेल चढावें तसें, आपोआप चढतें. म्हणून दाराचा गंज नेहमीं खालच्या कडेला आणि नेहमीं आंतून बाहेर येतो. बाहेर मसुराएवढा फोड दिसला तर आंत तळहाताएवढा पत्रा खाल्लेला असतो, असें धरून चालावें.

हें मी प्रथम पुस्तकांतून शिकलों नाहीं. माझे वडील धुळ्यांत नोकरीला होते. १९९६ सालीं त्यांनीं माझ्या मुंबईच्या मामांची पद्मिनी विकत घेतली. मामांचें घर माहीमच्या किनाऱ्याजवळ; गाडी बारा वर्षें खाऱ्या वाऱ्यांत उभी. दारांखालच्या लांब पोकळ पट्टीवर फोड होते, ते एका गॅरेजांत पुट्टी भरून बुजविण्यांत आले. पुढच्या पावसाळ्यांत ते परत आले, पुन्हां बुजविले. १९९९ सालीं ताईचें लग्न ठरलें, तेव्हां वडील म्हणाले कीं, या खेपेस पट्टी उघडून पाहूं. मी कॉलेजांत होतों. पाहुण्यांसमोर गाडी लवकर चमकावी ही घाई माझी होती. मींच वडिलांचें मन वळविलें आणि चार दिवसांत वरवरचा रंग मारून घेतला.

लग्नानंतर महिन्याभरानें आम्ही मालेगांवाकडे निघालों असतां लळिंगच्या घाटांत चाक बसलें. वडिलांनीं पट्टीखालीं जॅक लावला. गाडी वीतभर उचलली गेली, आणि कडकन् आवाज होऊन ती पट्टी बिस्किटासारखी आंत दबली. गाडी खालीं आली. वडिलांचा हात त्याच क्षणीं चाकाखालून निघाला होता. ते कांहीं बोलले नाहींत. रस्त्याच्या कडेला दगडावर बसून त्यांनीं पाणी मागितलें. मीं फुटलेल्या पट्टीकडे पाहिलें, तेव्हां पुट्टीच्या पाठीमागें वर्तमानपत्राचा एक बोळा कोंबलेला दिसला. त्यावरचीं अक्षरेंहि वाचतां येत होतीं. दोष सर्वस्वीं कारागिराचा होता, असें मला म्हणवत नाहीं. चार दिवसांची मुदत आणि निम्मी मजुरी आम्हींच ठरविली होती.

येथें एक गोष्ट लक्षांत घ्यावी. जीपला खालीं वेगळा भक्कम सांगाडा असतो. वरचा पत्रा सडला तरी गाडी उभी राहते. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत जी पद्मिनी होत असे, ती मूळच्या फियाट ११०० च्या घडणीची. तिला असा निराळा सांगाडा नाहीं. पत्रा हाच तिचा सांगाडा. दारांखालची पोकळ पट्टी ही शोभेची वस्तु नसून घराच्या तुळईसारखी भार वाहणारी आहे. तिच्यांत पुट्टी भरणें म्हणजे वाळवीनें खाल्लेल्या तुळईला चुना फांसण्यासारखें आहे. ज्यांच्या गाडींत मुलें बसतात, त्यांनीं फोडाकडे सौंदर्याच्या दृष्टीनें पाहूं नये.

मग करावें काय? आधीं आंतली बाजू पाहावी. दाराचें आंतलें अस्तर चार-सहा खिळ्यांनीं व क्लिपांनीं बसविलेलें असतें. तें काढून, दिवा घेऊन तळ बघावा, माती खरवडावी, भोंकें तारेनें मोकळीं करावीं आणि गोड्या पाण्यानें पुनःपुन्हां धुवावें, म्हणजे मीठ निघेल. जेथें पत्रा कागदासारखा झाला आहे, तेथें तो लकाकतें लोखंड लागेपर्यंत कापून काढल्यावांचून गत्यंतर नाहीं. नवा तुकडा जुन्यावर ठिगळासारखा चढवूं नये. दोन पत्र्यांमध्यें फट राहते व तेथें पाणी मुक्काम करतें. कडेला कड जुळवून जोडावा. हें काम सावकाशीचें आहे आणि चांगला डेंटर त्याची अधिक मजुरी मागतो. ती त्याला द्यावी.

जोडतांना होणारी एक चूक मीं जवळजवळ सर्वत्र पाहिली आहे. वेल्डिंगच्या उष्णतेनें पत्र्याच्या पाठीमागचा रंग जळून जातो. पुढची बाजू घांसून, पुट्टी व प्रायमर लावून सुरेख होते. मागें उघडें जळकें लोखंड तसेंच राहतें. मग दोन पावसाळ्यांनीं सांध्याच्या रेषेनेंच गंज उगवतो, आणि लोक नव्या पत्र्याला नांवें ठेवतात. जोड झाल्यावर मागच्या बाजूला प्रायमर पोहोंचविणें, सांधे भरणें आणि पोकळींत पातळ मेणाचा फवारा मारणें, हें अर्धें काम आहे. किंबहुना अर्ध्याहून अधिक. मेण मारतांना पुन्हां तींच भोंकें बुजवूं नयेत. (एका गृहस्थांनीं मोठ्या काळजीनें तीं रबरी बुचांनीं बंद केलेलीं मीं पाहिलीं आहेत!) इंजिनाचें वापरलेलें काळें तेल मारण्याची जी रीत आहे, तिनें गंज कांहीं काळ थांबतो, पण रबर फुगतें आणि तेल गळून जमिनींत मुरतें. मेण बरें.

प्रायमरविषयींहि एक गैरसमज आहे. घराच्या खिडक्यांच्या गजांना जें तांबडें रेड ऑक्साइड लावतात, तें गंजाचें औषध आहे असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक त्यांतला तांबडा रंग हा लोखंडाचाच ऑक्साइड, म्हणजे रसायनदृष्ट्या गंजाचा चुलतभाऊ. तो पडद्याचें काम करतो, अधिक कांहीं नाहीं. जुन्या काळीं पुलांना शेंदराचा प्रायमर देत, तो खरोखर गंज आवरी. पण शेंदूर म्हणजे शिसें, आणि तें विषारी. उघड्या पत्र्यावर आज जस्तयुक्त किंवा इपॉक्सी प्रायमर द्यावा. जस्ताचा गुण आपल्या घरावरच्या पन्हाळी पत्र्यांत रोज दिसतो. ओरखडा पडला तरी शेजारचें जस्त आधीं स्वतः झिजतें व लोखंडाला वांचवितें. जर्मनींतील पोर्श कंपनीनें १९७५ च्या सुमारास आपल्या मोटारींच्या अंगाला असा जस्त चढविलेला पत्रा वापरण्यास आरंभ केला. आपल्या पद्मिनीच्या नशिबीं साधाच पत्रा होता.

खळग्यांत राहिलेल्या काळ्या ठिपक्यांचें काय? त्यांना फॉस्फॉरिक आम्ल असलेलें द्रावण लावतात. त्यानें उरल्यासुरल्या गंजाचें फॉस्फेट होतें. दुसऱ्या जातीच्या द्रावणांत टॅनिन असतें, तें गंजाला काळाभोर व स्थिर करतें. विद्यार्थ्यांना हें प्रयोगशाळेबाहेरहि करून पाहतां येईल. हिरडा आणि हिराकस यांची जी काळी शाई आपले पणजोबा वापरीत, तिची क्रिया हीच. हिरड्यांतलें टॅनिन लोखंडाशीं मिळून काळें होतें. गंजलेल्या खिळ्यावर हिरड्याचा दाट काढा लावून दोन दिवस ठेवावा आणि काय होतें तें पाहावें. मात्र हीं द्रावणें दुमडींत किंवा बंद पोकळींत ओतूं नयेत. जें धुऊन बाहेर काढतां येत नाहीं तें आम्ल तेथें बसून नवा उपद्रव करतें. आणि पापुद्रे सुटलेल्या गंजावर तीं फुकट जातात.

फॉस्फरसाचा विषय निघाला म्हणून दिल्लीच्या लोहस्तंभाविषयीं थोडेंसें. सुमारें सोळाशें वर्षें तो उघड्यावर उभा आहे आणि गंजला नाहीं, असें आपण अभिमानानें सांगतों. कानपूरच्या आय. आय. टी.तील प्रा. आर. बालसुब्रमण्यम् यांनीं त्याचा अभ्यास करून दाखविलें कीं, त्या लोखंडांत फॉस्फरसाचें प्रमाण अधिक असल्यामुळें पृष्ठावर एक अत्यंत पातळ संरक्षक थर तयार झाला आहे. आग्रा रोडनें धुळ्याहून उत्तरेस जाऊन थोडी वांकडी वाट केली तर धार येथेंहि एका जुन्या लोहस्तंभाचे तीन तुकडे पाहावयास मिळतात. पण दिल्लीच्या स्तंभाची एक हकीगत सहसा सांगत नाहींत. १९६१ सालीं त्याचा पुरलेला भाग उघडला, तेव्हां तो गंजलेला आढळला, आणि त्या भागाला शिशाचें आवरण द्यावें लागलें. वर वारा-ऊन लागून जें पावसानंतर वाळत होतें तें टिकलें. खालीं मातींत जें ओलें राहत होतें तें गंजलें. लोखंड एकच.

म्हणून गाडी ठेवण्याची जागाहि महत्त्वाची. पावसाळ्यांत गाडीवर प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळून ठेवणारे लोक तिला वाफेंत शिजवीत असतात. चार बाजूंनीं वारा खेळेल असें छप्पर, खालीं फरशी, आणि पांघरूण घालावयाचेंच तर सुती. आमचे शेतकरी हंगाम संपल्यावर नांगराचा फाळ पुसून, तेलाचा हात फिरवून टांगून ठेवीत. जमिनीवर टाकीत नसत.

आतां पैशाची गोष्ट, कारण पालकांना ती विचारावीच लागते. १५ वर्षांवरील मोटारीच्या फेरनोंदणीचें शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झालें, आणि २०२५ सालीं २० वर्षांवरील गाड्यांस तें १०,००० करण्यांत आलें. उलटपक्षीं ५० वर्षांहून जुनी, मूळ घडणींत राखलेली गाडी २०२१ च्या नियमांप्रमाणें 'व्हिंटेज' म्हणून नोंदवितां येते, मात्र ती रोजच्या वापरांत आणतां येत नाहीं. तेव्हां जुनी मोटार ठेवणें हा स्वस्त छंद राहिलेला नाहीं. माझे कांहीं स्नेही म्हणतात, मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरांत गेली, तशी ही घरोघरचीहि मोडींत घालावी. ज्या गाडीची तळपट्टी सडली आहे आणि जिचा मालक ती उघडण्यास तयार नाहीं, तिच्याविषयीं माझें मत तेंच आहे. आजोबांच्या आठवणीसाठीं नातवंडांचा जीव धोक्यांत घालूं नये. पण ज्याला राखावयाची आहे त्यानें खर्चाचा क्रम उलटा करावा. आपण रंगाच्या चकाकीला दाम देतों आणि पत्र्याच्या कामांत घासाघीस करतों. कारागीरहि मग जें दिसतें तेवढेंच करतो. मी तर असें सुचवीन कीं, मजुरीचा पहिला हप्ता पत्रा उघडा करून दाखविल्यावर द्यावा, दुसरा आंतली बाजू प्रायमर मारून दाखविल्यावर, आणि रंगाचा त्यानंतर. कोणताहि प्रामाणिक डेंटर याला नाहीं म्हणणार नाहीं. उलट आपलें न दिसणारें काम कोणी पाहिलें, याचें त्याला समाधान वाटेल.

हें लिहून होत असतां त्या विद्यार्थ्याचा धुळ्याहून निरोप आला. त्यानें दार उतरविलें. तळांतून ओंजळभर काळी माती, कापसाचा एक गोळा, आणि त्याच्या आजोबांच्या नांवाची १९८८ सालची पेट्रोलची पावती निघाली. खालची दोन बोटें पत्रा कापून नवा जोडला आहे. दार सध्यां करड्या प्रायमरावर आहे, आणि अशा ठिगळलेल्या गाडींतून तो हिंडतो म्हणून मित्र हंसतात. रंग दिवाळीपूर्वीं द्यावयाचा नाहीं, असें त्यानें ठरविलें आहे. आधीं एक पावसाळा जाऊं द्यावा, असें मींहि त्याला कळविलें आहे.